नदीतील वाळू, गोटे आणि गाळ यांचा कणाकार कसा मोजावा? गोदावरी, पूर्णा, सिंदफणा आणि मांजरा यांच्या संदर्भात चर्चा

गंगथडी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

गोदावरीच्या पात्रातील वाळू किती जाड, किती बारीक हे ठरवण्याची गरज आपल्या भागात निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या कारणांनी पडते. बांधकामावरचा अभियंता काँक्रीटसाठी ती चाळून पाहतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाल्यापासून तलावातील गाळ शेतात पसरवणाऱ्या शेतकऱ्याला त्यात चिकणमाती किती आणि रेती किती हे कळायला हवे असते. नदीचा अभ्यास करणाऱ्याला कोणता पूर कोणत्या कणांना हलवून नेईल याचा अंदाज बांधायचा असतो. या तिघांनी एकाच ठिकाणच्या नमुन्यावरून काढलेले आकडे शेजारी शेजारी ठेवले तर ते पुष्कळदा जुळत नाहीत, आणि मग कोणाची तरी प्रयोगशाळा चुकली असा निष्कर्ष घाईने काढला जातो. माझे मत असे आहे की अशा बहुतेक प्रसंगी काम प्रत्येकाने नीटच केलेले असते. प्रत्येक पद्धत कणाचा वेगळा गुण मोजते, आणि कोणता गुण मोजला हे अहवालात लिहिलेले नसते.

नदीतला कण गोल नसतो. त्याला एक सर्वांत लांब बाजू असते, एक मधली आणि एक सर्वांत आखूड. चौकोनी भोकाच्या चाळणीतून कण खाली पडतो तो मुख्यतः मधल्या बाजूच्या मापावर, आणि कण चपटा असेल तर भोकाच्या कर्णातून तिरका निसटून आपल्या मधल्या बाजूपेक्षा लहान भोकही पार करतो. पाण्यात निवळण्याच्या पद्धतीत आपण कणाचा खाली बसण्याचा वेग मोजतो आणि तेवढ्याच वेगाने बसणाऱ्या काल्पनिक गोलाचा व्यास त्या कणाच्या नावावर लिहितो. लेसरच्या यंत्रात कणावरून विखुरलेल्या प्रकाशावरून व्यास काढला जातो, तर छायाचित्रात दगडाची वर आलेली बाजूच फक्त दिसते. हे चारही आकडे मिलीमीटरमध्ये येत असल्यामुळे ते एकच वाटतात.

त्यात भर म्हणजे वर्गांच्या सीमाही सर्वत्र सारख्या नाहीत. भूवैज्ञानिक वापरतात ती वेंटवर्थ यांची १९२२ ची श्रेणी वाळू ०.०६२५ ते २ मि.मी. मानते, त्याखाली ०.००३९ मि.मी.पर्यंत पोयटा आणि त्याहून बारीक ती चिकणमाती. आपल्याकडील स्थापत्य अभियंते आयएस १४९८ या भारतीय मानकाप्रमाणे ०.०७५ ते ४.७५ मि.मी.पर्यंतच्या कणांना वाळू म्हणतात आणि चिकणमातीची सीमा ०.००२ मि.मी. धरतात. म्हणजे ३ मि.मी.चा खडा एका तक्त्यात बारीक खडीत जातो आणि दुसऱ्यात वाळूत. ‘वाळू ७० टक्के’ असे वाक्य कोणती श्रेणी वापरली हे सांगितल्याशिवाय अपुरेच राहते.

यंत्रांकडे वळण्यापूर्वी नमुना कुठून घ्यावा यावर थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझ्या मते सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. पैठणच्या जायकवाडी धरणाच्या खाली नांदेडपर्यंत गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, दिग्रस असे अनेक बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला पाणी संथ असते, म्हणून तिथे बारीक गाळाचा थर बसतो. खालच्या बाजूला दरवाजांतून सुटणारे पाणी बारीक कण धुऊन नेते आणि जाड वाळू, खडी मागे राहते. दोन नमुन्यांमध्ये अंतर थोडेच असेल, तरी त्यांची सरासरी काढून ‘गोदावरीचा कणाकार’ सांगणे निरर्थक आहे. तसेच पूर ओसरताना वाळूच्या थडीवर चिखलाची पातळ पापडी बसते. ती खालच्या वाळूत मिसळून एकच नमुना केला, तर त्या वाळूत पोयटा बराच आहे असे दिसेल, पण प्रत्यक्षात ते दोन वेगवेगळ्या पाण्यांनी आणून टाकलेले दोन थर आहेत. प्रत्येक थराचा नमुना वेगळा घ्यावा, खोली लिहावी, आणि नमुना पात्राच्या मध्यावरचा, वळणाच्या आतल्या बाजूचा की मळईचा हे नोंदवावे.

चाळणी, हायड्रोमीटर (गढूळ पाण्याची घनता दाखवणारे तरंगते उपकरण), गोट्यांची मोजणी आणि छायाचित्र यांचा प्रत्यक्ष अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पूर्णाकाठ

धाग्याबद्दल आभार. चाळण विश्लेषणाबद्दल लिहितो, कारण आपल्या भागात उपलब्ध असलेली सर्वांत विश्वासार्ह पद्धत तीच आहे, आणि ती सोपी वाटते म्हणूनच निष्काळजीपणे केली जाते.

पोत्यातून वरची वाळू ओंजळीने उचलून तराजूत टाकणे ही पहिली चुकीची सवय आहे. पोते हलले की बारीक कण तळाशी जातात, त्यामुळे वरची ओंजळ नेहमी जाड निघते. नमुना स्वच्छ ताडपत्रीवर ढीग करून पसरावा, त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन बाजूला काढावेत, आणि हवे तेवढे वजन उरेपर्यंत हे पुन्हा करावे. वाळूसाठी शेवटी सुमारे ५०० ग्रॅम उरले तरी पुरते.

बांधकामाच्या प्रयोगशाळेत ४.७५, २.३६ आणि १.१८ मि.मी. आणि त्यापुढे ६००, ३००, १५० व ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मि.मी.चा हजारावा भाग) अशा चाळण्या असतात. प्रत्येक चाळणीचे भोक वरच्या चाळणीच्या जवळजवळ निम्मे असते. क्रंबाइन यांनी १९३४ मध्ये मांडलेल्या फाय श्रेणीचाही पाया हाच आहे. त्या श्रेणीत १ मि.मी. म्हणजे शून्य फाय, ०.५ मि.मी. म्हणजे १ फाय, ०.२५ मि.मी. म्हणजे २ फाय, आणि २ मि.मी. म्हणजे उणे १ फाय. त्यामुळे बांधकामाचा संच हा एकेक फायच्या अंतराचाच संच आहे, फक्त तो पाव फायने सरकलेला आहे. नदीच्या अभ्यासासाठी हे अंतर मोठे पडते. ३.३५ आणि १.७ मि.मी. आणि त्याखालच्या ८५०, ४२५, २१२ व १०६ मायक्रॉनच्या चाळण्या मध्ये बसवल्या की अर्ध्या फायचा संच तयार होतो. कणाचे माप आणि टक्केवारी यांचा आलेख अधिक नेमका येतो आणि वाळूत दोन वेगळ्या प्रवाहांचे मिश्रण असेल तर दोन उंचवटे स्पष्ट दिसतात.

बांधकामवाले काढतात तो फाइननेस मॉड्युलस म्हणजे ठरलेल्या चाळण्यांवर राहिलेल्या एकत्रित टक्केवारींची बेरीज भागिले १००. चाळण्या दुपटीच्या टप्प्यात असल्यामुळे हा आकडा लघुगणकी सरासरीचेच एक रूप असतो, म्हणून तो टाकाऊ नाही. मात्र एकसारख्या कणांची वाळू आणि जाड-बारीक मिसळलेली वाळू यांचा फाइननेस मॉड्युलस सारखा येऊ शकतो. नदीचा स्वभाव नेमका त्या फरकातच दिसतो, त्यामुळे या एका आकड्यावर नदीचा अभ्यास थांबवू नये.

हलवण्याच्या वेळेबद्दल आपल्या प्रदेशात विशेष काळजी घ्यावी लागते. बेसाल्टचे कुजलेले कण आणि चुनखडीचे मऊ खडे यंत्रात घासले जाऊन तुटतात. १० ते १५ मिनिटे ही नेहमीची वेळ आहे. त्याहून जास्त वेळ हलवले तर आपण नदीने दिलेले कण मोजत नसून यंत्राने केलेले कण मोजू लागतो. शेवटी सर्व चाळण्यांवरचे आणि तळाच्या थाळीतले वजन मिळवून मूळ वजनाशी ताडून पाहावे, आणि फरक एक-दोन टक्क्यांहून अधिक आला तर तो नमुना पुन्हा करावा.

काळीमाती

पूर्णाकाठ यांच्या प्रतिसादाला जोडून बारीक भागाबद्दल लिहिते. माझे काम शेतजमिनीच्या नमुन्यांचे आहे, परंतु मांजरा आणि तेरणा यांच्या काठचा गाळ हा त्या शेतांतूनच वाहून आलेला असल्यामुळे अडचणी त्याच आहेत.

सर्वप्रथम, काळ्या मातीचा अंश असलेला गाळ आधी भट्टीत वाळवून मग चाळू नये. तो वाळला की त्याची ढेकळे दगडासारखी कडक होतात, आणि ती फोडताना किती फोडायची याला मर्यादा राहत नाही. नमुना ओलाच घ्यावा, त्यातील पाण्याचे प्रमाण वेगळ्या छोट्या भागावरून काढावे, आणि मुख्य भाग ६३ किंवा ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याने धुवावा. वर राहिलेली वाळू वाळवून चाळावी, खाली गेलेले गढूळ पाणी हायड्रोमीटर किंवा पिपेटसाठी (पाणी ओढून घेण्याची काचेची नळी) ठेवावे.

आपल्या काळ्या मातीतील चिकणमाती प्रामुख्याने माँटमोरिलोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या खनिजाच्या गटातील आहे. तिचे कण एकमेकांना चिकटून पुंजके करतात, आणि पुंजका पाण्यात एका मोठ्या कणाप्रमाणे भराभर खाली बसतो. म्हणून विखुरणारे द्रावण अनिवार्य आहे. आयएस २७२० च्या चौथ्या भागात ३३ ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट आणि ७ ग्रॅम सोडियम कार्बोनेट एक लिटर पाण्यात विरघळवण्यास सांगितले आहे. हे द्रावण जुने झाले की त्याचा प्रभाव उतरतो, त्यामुळे महिनोन्महिने ठेवलेली बाटली वापरू नये. नमुना त्यात रात्रभर भिजवून मग ढवळावा. सेंद्रिय पदार्थ अधिक असतील, उदाहरणार्थ शहराखालच्या पात्रातला काळा चिखल असेल, तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने ते काढावे लागतात.

आता तापमानाबद्दल, कारण मराठवाड्यात हा मुद्दा किरकोळ नाही. १८५१ मधील स्टोक्स यांच्या नियमानुसार बारीक कणाचा बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि पाण्याच्या चिकटपणाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. पाणी तापले की त्याचा चिकटपणा उतरतो. कणाची घनता २.६५ धरली, तर २ मायक्रॉनचा कण १० सें.मी. खाली यायला २० अंश सेल्सिअसला सुमारे पावणेआठ तास लागतात, ३० अंशांना सहा तासांच्या थोडे वर, आणि ४० अंशांना जवळपास पाचच तास. पुस्तकातला २० अंशांचा तक्ता समोर ठेवून मे महिन्यात लातूर-परभणीच्या खोलीत पिपेट बुडवली, तर चिकणमाती प्रत्यक्षापेक्षा कमी येणार, कारण त्या वेळेपर्यंत २ मायक्रॉनचे कण पिपेटच्या पातळीखाली कधीच निघून गेलेले असतात. प्रत्येक वाचनाबरोबर पाण्याचे तापमान नोंदवावे. नळकांडे उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नये, कारण एका बाजूने तापलेल्या पाण्यात प्रवाह सुरू होतात आणि निवळणेच बिघडते. शक्य असेल तर नळकांडी पाण्याच्या मोठ्या टाकीत उभी करावीत.

हायड्रोमीटर आणि पिपेट यांत मला पिपेट अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात ठरलेल्या खोलीवरचे गढूळ पाणी काढून प्रत्यक्ष वजन केले जाते. हायड्रोमीटरचे काम मात्र लवकर होते, आणि पुष्कळ नमुने असतील तर तोच परवडतो. नमुना नसलेल्या, केवळ विखुरणाऱ्या द्रावणाच्या नळकांड्यातले वाचन वजा करायला विसरू नये. ते विसरले की चिकणमाती काही टक्क्यांनी फुगते.

वसमतकर

मी शेतकरी आहे. शेतात टाकण्यापूर्वी तलावाचा गाळ घरच्या घरी पाहायचा असेल तर बाटलीत पाणी घालून हलवून ठेवण्याची पद्धत किती विश्वासार्ह आहे? आमच्याकडे ना चाळण्यांचा संच आहे ना हायड्रोमीटर.

काळीमाती

वसमतकर दादा, बाटलीची पद्धत ढोबळ निवाड्यासाठी चांगली आहे, मात्र तिच्यातून टक्केवारी काढू नये. सरळ कडांची काचेची बरणी घ्यावी, एक तृतीयांश गाळ आणि वर पाणी भरावे, चिमूटभर कपडे धुण्याचा सोडा टाकून रात्रभर भिजू द्यावे आणि मग जोराने हलवून स्थिर ठेवावे. बारीक वाळूच्या खालच्या सीमेवरचा, म्हणजे सुमारे ६० मायक्रॉनचा कण सेकंदाला तीन ते साडेतीन मि.मी. वेगाने खाली येतो. म्हणून बरणी १५ सें.मी. उंच असेल तर साधारण पाऊण मिनिटात सर्व वाळू तळाशी बसलेली असते, आणि तेव्हा बरणीवर पहिली खूण करावी. पोयट्याचा मोठा भाग पुढच्या काही तासांत बसतो, आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ राहिले तर ती चिकणमाती. चिकणमातीचा ताजा थर पाणी धरून फुगलेला असतो, त्यामुळे थराच्या उंचीवरून काढलेले तिचे प्रमाण वजनाच्या प्रमाणापेक्षा पुष्कळ मोठे दिसते. तळाशी वाळूचा थर अर्ध्याहून अधिक निघाला तर तो गाळ हलक्या माळरानावर टाकण्यासाठी वाहतुकीच्या खर्चाला उतरणार नाही, एवढा निर्णय या पद्धतीवरून घेता येतो. नेमके प्रमाण हवे असेल तर नमुना जवळच्या मृद परीक्षण प्रयोगशाळेत किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडे देण्याविषयी चौकशी करावी.

गंगथडी

याला पूरक म्हणून, बांधकामाच्या वाळूसाठीही अशीच एक क्षेत्रीय चाचणी आयएस २३८६ च्या दुसऱ्या भागात आहे. २५० मि.लि.च्या मोजपात्रात एक टक्का मिठाचे ५० मि.लि. पाणी घेऊन १०० मि.लि.च्या खुणेपर्यंत वाळू टाकतात, मग १५० मि.लि.पर्यंत तेच पाणी भरून हलवतात आणि तीन तासांनी वरच्या गाळाची उंची पाहतात. तिथे मीठ मुद्दाम घातलेले असते, कारण कणांचे पुंजके होऊन ते लवकर बसावेत असा हेतू असतो. आपण वर वाचले त्या सोड्याचे काम नेमके उलट आहे. म्हणून या दोन चाचण्यांची निरीक्षणे एकमेकांशी ताडून पाहू नयेत. नैसर्गिक वाळूत ७५ मायक्रॉनखालचा भाग वजनाने ३ टक्क्यांपर्यंत असावा ही आयएस ३८३ ची अट धुऊन वजन करण्याच्या चाचणीवरची आहे. मोजपात्रातल्या उंचीला ती लावता येत नाही.

बालाघाट

माझा विषय गोट्यांचा आहे. बीड जिल्ह्यात सिंदफणा, बिंदुसरा आणि मांजरेचा वरचा भाग पाहिला तर पात्रात वाळूपेक्षा गोटेच अधिक आहेत, आणि तिथे चाळणीचा विचारच सोडून द्यावा लागतो. त्याचे कारण वजनात आहे. चर्च आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सुचवलेला काटेकोर दंडक असा की नमुन्यातील सर्वांत मोठा दगड संपूर्ण नमुन्याच्या वजनाच्या ०.१ टक्क्याहून अधिक नसावा. ६४ मि.मी.चा बेसाल्टचा गोटा साधारण ४०० ग्रॅम भरतो, म्हणजे त्या दंडकाने नमुना ४०० किलो हवा. दंडक सैल करून १ टक्का धरला तरी ४० किलो लागतातच. एखादी पिशवी भरून आणलेल्या गोटेदार नमुन्याची टक्केवारी काढणे म्हणजे त्यात एक मोठा दगड आला की नाही यावर सगळा निकाल सोपवणे होय.

याला उपाय म्हणजे वोलमन यांनी १९५४ मध्ये मांडलेली मोजणी. कोरड्या पात्रात ठरावीक अंतराने पावले टाकत जावे, प्रत्येक पावलाला बुटाच्या टोकाशी, नजर वळवून, बोट ज्या दगडाला पहिल्यांदा लागेल तो उचलावा आणि त्याची मधली बाजू मोजावी. असे किमान १०० दगड. नजर वळवणे हा शिष्टाचार नव्हे, पद्धतीचा कणा आहे. पाहून उचलणारा माणूस नकळत हाताला बसतील असे मध्यम-मोठे दगड उचलतो आणि दोन मोठ्या गोट्यांच्या फटीतला बारीक खडा सोडून देतो. बोट वाळूत रुतले तर ‘२ मि.मी.हून बारीक’ अशी नोंद करावी, ती वगळू नये. माझ्या मते १०० दगडांवर मध्यक, म्हणजे डी५० (ज्याहून ५० टक्के दगड बारीक असतात ते माप), बऱ्यापैकी मिळतो. टोकाचे आकडे, विशेषतः डी८४ (ज्याहून ८४ टक्के दगड बारीक), हवे असतील तर संख्या वाढवावी. बुंटे आणि ॲब्ट यांनी २००१ च्या मार्गदर्शिकेत ४०० दगडांची शिफारस केली आहे आणि ती मला योग्य वाटते.

मोजपट्टीपेक्षा चौकोनी भोकांची पत्र्याची फळी अधिक चांगली. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२.६, ३२, ४५, ६४, ९०, १२८ मि.मी. अशी अर्ध्या फायची भोके स्थानिक फॅब्रिकेशनच्या दुकानात कापून मिळतात, आणि दगड कोणत्या भोकातून गेला नाही एवढेच लिहायचे असल्यामुळे दोन माणसांची मोजणी जुळते. मुख्य फायदा असा की ही भोके चाळणीसारखीच काम करत असल्यामुळे खालच्या वाळूच्या चाळण विश्लेषणाशी आकडे जोडताना पद्धतीचा फरक आड येत नाही.

आणखी एक गोष्ट. गोट्यांच्या पात्रात वरचा थर खालच्यापेक्षा जाड असतो, कारण लहान पुरांनी वरचे बारीक कण नेलेले असतात आणि मोठे दगड खालच्या मालावर कवचासारखे बसलेले असतात. वोलमन यांची मोजणी या कवचाचीच असते. पूर मोठा आला आणि कवच फुटले तर जे वाहून जाईल ते पाहायचे असेल, तर वरचे दगड बाजूला काढून खालचा माल वेगळा तपासावा लागतो.

पूर्णाकाठ

बालाघाट यांना एक प्रश्न. मोजणीत दगडांची संख्या मोजली जाते आणि चाळणीत वजन. ४० मि.मी.च्या एका गोट्याचे वजन ४ मि.मी.च्या हजार खड्यांएवढे असते. मग या दोन टक्केवारी एका आलेखावर कशा मांडता येतील?

बालाघाट

प्रश्न अगदी योग्य आहे. पात्रावर सारख्या अंतराने बिंदू धरून दगड उचलले, तर मोठ्या दगडावर बिंदू पडण्याची शक्यता त्याने व्यापलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मोठा दगड संख्येने कमी असला तरी निवडीत त्याला त्याचे वजन आपोआप मिळालेले असते. केलरहाल्स आणि ब्रे यांनी १९७१ मध्ये दाखवले की जाळीवर घेतलेली संख्येची टक्केवारी आणि एकसंध ढिगातून घेतलेली वजनाची टक्केवारी ही तत्त्वतः तुल्य असतात. मात्र एका चौरस मीटरवरचे सगळे दगड उचलून मोजले, तर ही तुल्यता राहत नाही आणि आकडे बदलून घ्यावे लागतात. छायाचित्रावरून मोजताना लोक बहुधा हीच गल्लत करतात. चौकटीत दिसणारे सगळे दगड मोजतात आणि ते वोलमन यांच्या मोजणीसारखे मांडतात. छायाचित्रावर जाळी आखून केवळ तिच्या छेदबिंदूंखालचे दगड घेतले तर अडचण उरत नाही.

छायाचित्राची दुसरी अडचण आपल्या काळ्या दगडाची आहे. ओला बेसाल्ट आणि त्याची सावली संगणकाला वेगळी करता येत नाही. पात्र कोरडे असताना, ढगाळ हवेत किंवा छत्रीच्या सावलीत, कॅमेरा सरळ खाली धरून आणि चौकटीत पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे. केवळ वाळू असेल तर कण वेगळे न करताही, चित्रातील शेजारच्या ठिपक्यांचे साम्य अंतराबरोबर कसे घटते यावरून सरासरी व्यास काढण्याची रुबिन यांची २००४ ची पद्धत आहे. मात्र ती प्रत्येक ठिकाणच्या वाळूवर चाळणीशी ताडून घ्यावी लागते.

मांजराकाठ

लेसरच्या यंत्राबद्दल अजून कोणी लिहिले नाही. मोठ्या संस्थांत आता तेच वापरले जाते. काही ग्रॅमपेक्षाही कमी नमुन्यात, थोड्या मिनिटांत, मायक्रॉनच्या अंशापासून एक-दोन मि.मी.पर्यंतचा संपूर्ण आलेख मिळतो. मग पिपेटचे तास कशासाठी मोजायचे?

काळीमाती

वेग आणि पुनरावृत्ती या दोन्ही बाबतींत लेसर सरस आहे, हे मला मान्य आहे. परंतु चिकणमातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात. प्रकाशात ते रुंद दिसतात आणि यंत्र त्यांना मोठा व्यास देते, त्यामुळे लेसरने काढलेली चिकणमाती पिपेटपेक्षा बहुधा कमी येते, आणि आपल्या काळ्या मातीच्या गाळात ही तफावत दुर्लक्ष करण्याजोगी नसते. शिवाय लेसर आकारमानाची टक्केवारी देतो, पिपेट आणि चाळणी वजनाची. एका तलावातले वेगवेगळ्या वर्षांचे थर आपसांत तुलनेला घ्यायचे असतील तर सगळे लेसरवर करावेत. जुन्या पिपेटच्या आकड्यांशी तुलना करायची असेल तर काही नमुने दोन्ही पद्धतींनी करून संबंध काढल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मांजराकाठ

धन्यवाद, हे पटले. यावरून माझ्या भागातला एक प्रश्न मांडतो. मांजरा नदी बीडच्या बालाघाटात उगम पावते तेव्हा ती पूर्णपणे बेसाल्टची नदी असते. कर्नाटक आणि तेलंगणातून फिरून ती देगलूर-बिलोलीच्या बाजूने गोदावरीला मिळते तेव्हा तिच्यात ग्रॅनाइटच्या प्रदेशातून आलेले क्वार्ट्झ आणि तांबूस फेल्डस्पार असतात. बेसाल्टच्या कणाची घनता २.९ च्या आसपास, क्वार्ट्झची २.६५, काळ्या वाळूतल्या मॅग्नेटाइटची ५.२, आणि बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेल्या झिओलाइटची २.२ च्या जवळ. निवळण्याच्या पद्धतीत सर्वांना २.६५ धरणे कितपत योग्य आहे?

काळीमाती

बेसाल्टच्या कणाचा खरा वेग २.६५ धरून काढलेल्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक असतो, पण व्यास वेगाच्या वर्गमुळाने बदलत असल्यामुळे व्यासातली चूक ७ टक्क्यांच्या आसपास राहते. ती सहन करता येते. मॅग्नेटाइटचे मात्र तसे नाही. ०.०५ मि.मी.चा मॅग्नेटाइटचा कण ०.०८ मि.मी.च्या क्वार्ट्झच्या कणाइतक्या वेगाने बसतो. नदीसुद्धा त्यांना जवळपास सारखेच वागवते, म्हणून पात्रात वाळूच्या जाड कणांबरोबर काळे बारीक कण एकत्र सापडतात. वाहतुकीचा अभ्यास करायचा असेल तर निवळण्याचा वेगच थेट नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते. घनता मोजण्याच्या बाटलीने (पिकनोमीटर) प्रत्येक ठिकाणच्या बारीक भागाची घनता एकदा काढून घ्यावी, ते काम अवघड नाही.

पूर्णाकाठ

आलेख हाती आल्यावर काय लिहावे याबद्दल थोडक्यात. फोक आणि वॉर्ड यांच्या १९५७ च्या पद्धतीत सरासरीसाठी जाड कणांपासून मिळवत आणलेल्या टक्केवारीच्या आलेखावरील १६, ५० आणि ८४ टक्क्यांचे फाय मिळवून तीनने भागतात. कण किती मिसळलेले आहेत हे पाहण्यासाठी ८४ व १६ टक्क्यांच्या फरकाचा चौथा भाग आणि ९५ व ५ टक्क्यांच्या फरकाला ६.६ ने भागून आलेली संख्या यांची बेरीज करतात. ती बेरीज ०.३५ हून कमी असेल तर कण अगदी एकसारखे, १ हून अधिक असेल तर चांगलेच मिसळलेले. त्यासाठी ५ आणि ९५ टक्क्यांपर्यंत आलेख पोहोचायला हवा. ज्या नमुन्यात ७५ मायक्रॉनखाली १२ टक्के माल थाळीत पडला आहे आणि त्याचे पुढे विश्लेषण केलेले नाही, तिथे ९५ टक्क्यांचा आकडा रेषा वाढवून अंदाजाने काढू नये. तिथे केवळ डी५० आणि थाळीतली टक्केवारी लिहावी.

वाहत्या पाण्यातील गाळाचे आकडे पाहणाऱ्यांसाठी आणखी एक टीप. केंद्रीय जल आयोगाच्या नोंदींत तरंगता गाळ ०.२ मि.मी.हून जाड, ०.२ ते ०.०७५ मि.मी. मध्यम आणि ०.०७५ मि.मी.हून बारीक अशा तीन भागांत असतो. त्यातला ‘जाड’ आणि वाळूघाटावरच्या बोलण्यातला ‘जाड’ एक समजू नयेत.

गंगथडी

सर्वांचे मनापासून आभार. या चर्चेवरून नोंदीचा एक नमुना तक्ता तयार करतो आहे. ठिकाण आणि पात्रातील जागा, थर व खोली, नमुन्याचे वजन व सर्वांत मोठ्या दगडाचे माप, नमुना ओला की वाळवलेला, विखुरणारे द्रावण व भिजवण्याचा काळ, पाण्याचे तापमान, गृहीत धरलेली घनता, पद्धत आणि ती बदलते तो व्यास, आणि वर्गांची श्रेणी असे रकाने त्यात असतील. एक शंका उरली आहे. आपल्या नद्यांच्या वाळूत चुनखडीचे खडे सर्रास असतात. पुष्कळ पुस्तके आम्लाने चुना काढून टाकण्यास सांगतात. ते खडे नदीनेच वाहून आणलेले असताना ते काढणे योग्य आहे का?

काळीमाती

वाळूच्या आणि खडीच्या आकाराचे खडे काढू नयेत, ते नदीच्या मालाचाच भाग आहेत आणि क्वार्ट्झच्या कणाप्रमाणेच लोळत आलेले आहेत. बारीक भागात मात्र चुना चिकणमातीच्या कणांना बांधून ठेवतो, आणि तिथे तो काढल्याशिवाय कण सुटे होत नाहीत. त्यामुळे आधी ६३ मायक्रॉनवर धुऊन दोन भाग करावेत, आणि आम्ल केवळ खालच्या भागाच्या एका हिश्शाला लावावे, तेही सौम्य ॲसिटिक आम्ल. दुसरा हिस्सा आम्लाविना करावा आणि दोन्ही आकडे तक्त्यात वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. आम्लात गेलेले वजनही नोंदवावे, कारण पात्रातला चुना किती हे त्यावरूनच समजते. पूर्णेच्या काठी काही ठिकाणी चुनखडीचे थर थडीतच उघडे पडलेले आहेत. तिथले खडे वरून वाहून आले की जागच्या जागी सुटले हे त्यांच्या कडा घासलेल्या आहेत की नाहीत यावरून पाहावे, आणि जागचे सुटलेले खडे नमुन्यात धरू नयेत.